पापलेटाचं वय विचारणारे मामा

समुद्राची काळजी वाहायला माणूस समुद्राकाठचाच असावा लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या हिच्या मामांना एकदा भेटावं. जन्म आळंदीच्या अलीकडच्या एका खेड्यातला, घर काळेवाडीत, गळ्यात तुळशीची माळ, पोहता येत नाही, मासा उभ्या जन्मात जिभेला लागलेला नाही. आणि तरीही अरबी समुद्रातल्या एकूण एक पापलेटाच्या भवितव्याची चिंता हा माणूस गेली तीस वर्षं काळेवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरून वाहतो आहे. पापलेटांना याची काही कल्पना नाही. असती, तर त्यांनी निदान दिवाळीला तरी मामांना एखादं पत्र टाकलं असतं.

मामा विद्यापीठात नोकरीला. खातं विस्ताराचं. म्हणजे विद्यापीठात साठलेलं ज्ञान गावोगाव नेऊन पोचवायचं. हे खातं गावं वाटायला बसलं तेव्हा कुणाच्या वाट्याला ऊस आला, कुणाच्या वाट्याला डाळिंब, कुणाच्या वाट्याला दुभत्या म्हशी. मामांच्या वाट्याला रायगडच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आले. हे कसं झालं असं मी एकदा विचारलं, तर मामा अगदी सरळपणे म्हणाले, "काही नाही हो जावईबापू, त्या दिवशी मी रजेवर होतो." तोवर त्यांनी समुद्र एकदाच, शाळेच्या सहलीत, मास्तरांचा हात घट्ट धरून पाहिला होता. दुसऱ्या कुणी बदलीसाठी साहेबाचे उंबरे झिजवले असते. मामांनी काय केलं, तर दुकानातून एक फूटपट्टी विकत घेतली आणि शनिवारची पहिली एसटी पकडून कोकणात उतरले. तेव्हापासून या माणसाचं अर्धं घड्याळ तिकडच्या पाण्यावर चालतं. त्यांच्या भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक लावलेलं आहे, तेही नेमकं सणवारांच्या कॅलेंडरवरच, कारण खिळा तेवढा एकच. आपण जेवायला बसलेले असावं, पहिला घास घ्यावा, आणि मामांनी मनगटाकडे बघून समाधानाने म्हणावं, "आता पाणी चढायला लागलं असेल." आमच्या कासारवाडीत पाणी चढतं ते फक्त सोसायटीच्या टाकीत, आणि तेही मोटर चालू असली तर. त्यामुळे हिने सुरुवातीला दोनतीनदा उठून मोटर बघितली होती.

मामांना घेऊन पिंपरीच्या मासळी बाजारात जाणं हा अनुभव मी माझ्या शत्रूलाही देणार नाही. मुळात न खाणाऱ्या माणसाने तिथे यावंच का? पण मी पिशवी उचलली की हे चपला घालून तयार. मग मी भाव करत असतो, आणि हे शेजारी उकिडवे बसून पापलेटाला फूटपट्टी लावत असतात. एकदा त्यांनी कोळणीला विचारलं, "बाई, याचं वय काय?" ती म्हणाली, "काका, सकाळीच आलंय, एकदम ताजं." मामा म्हणाले, "ताजं आहे हो, पण वय काय? हे अजून एकदाही व्यायलं नसेल. लेकरू आहे हे! याला आणखी थोडे दिवस दिले असते तर याची हजार लेकरं झाली असती." बाईने कोयत्यावरचा हात थांबवला, मामांकडे नीट बघितलं, गळ्यातल्या माळेकडे बघितलं, आणि म्हणाली, "काका, घ्यायचं तर घ्या, नायतर दत्तक घ्या." अख्खा बाजार हसला. मामाही हसले. पण त्या दिवशी मला पापलेट काही घेऊ दिलं नाही. आम्ही बांगडे घेऊन आलो, तेसुद्धा मामांनी मोजून, सज्ञान असल्याची खात्री करून दिलेले.

त्यांचं लग्न राहून गेलं त्याचं कारणही हेच, असं आमच्या सासूबाई सांगतात. तळेगावचं स्थळ होतं, मुलगी सोज्वळ, घर शुद्ध शाकाहारी. काही विचारायचंय का, असं मोठ्यांनी म्हटल्यावर मामांनी घसा खाकरून मुलीला विचारलं, "बोंबील वाळूवर पसरून वाळवावेत की उंच मांडवावर टांगून? तुमचं मत काय?" मुलगी रडत आत गेली. मामांचा हेतू शुद्ध होता. त्याच आठवड्यात त्यांनी एका गावात टांगून वाळवण्याचा मांडव उभा करून दिला होता आणि तो विषय त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. डोक्यात एक विषय शिरला की दुसऱ्याला तिथे जागा नसते. मामांच्या डोक्याला पहिल्यापासून एकच खोली आहे.

होडीची गोष्ट तर त्यांच्या विद्यार्थ्यांनीच मला सांगितली. मामांना बोट लागते. धक्का सुटून पाच मिनिटं झाली की पोटातलं सगळं वर. पण मच्छीमारांना जे सांगायचं ते त्यांच्या होडीवर जाऊनच सांगायचं, हा यांचा हट्ट. त्यामुळे व्याख्यान असं चालायचं: "तर मुद्दा असा की", मग मामा कठड्यावर वाकायचे, परत यायचे, मिशा पुसायचे, "लहान मासा आज सोडला तर", पुन्हा कठडा, "उद्या तोच मोठा होऊन तुमच्याच जाळ्यात." शेवटी होडीचा तांडेल, म्हणजे तिचा कप्तान, म्हणाला, "सर, तुमी आधी तुमच्या पोटातलं धरून ठेवा, मंग आमी लहान मासली सोडतो." पण त्याच तांडेलाने मामांसाठी होडीत कायमची एक बादली ठेवली. आपण या माणसाला हसू शकतो, पण टाळू शकत नाही. मी गेली अठरा वर्षं प्रयत्न करून बघतो आहे.

आता मी यात कसा अडकलो ते सांगतो. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे बारकेसारके भाग आमच्याकडे बनतात, आणि ते मापात आहेत की नाहीत ते बघणं हे माझं काम. एका रविवारी मामा घरी आले असताना माझ्या बॅगेतून एक गेज खाली पडलं. मामांनी ते उचललं. "हे काय हो?" मी सांगितलं, की ही साधी लोखंडी पट्टी, हिला खाच आहे. भाग खाचेत नीट बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. आकडा वाचायचा नाही, डोकं चालवायचं नाही, नवा माणूससुद्धा पहिल्या दिवशी तपासायला लागतो. मामा गप्प झाले. मामा गप्प झाले की समजावं, त्या एका खोलीत नवा भाडेकरू शिरला. "म्हणजे हलत्या होडीतसुद्धा चालेल?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मामा, आमच्या कंपनीत होडी नाही." "तुमच्याकडे नाही हो! आमच्याकडे!" असं म्हणून त्यांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की ही स्वयंपाकघरातून धावत आली.

खरं सांगतो, मलाही चेव चढला. वीस वर्षं नटबोल्ट मोजून माणूस कंटाळतो, राव! साहेबांना विचारून भंगारातला अॅल्युमिनियमचा पत्रा घेतला, टूलरूममधल्या दोस्ताच्या हातापाया पडलो, आणि तीन रविवार खपून मासा मोजायचं गेज बनवलं. पापलेटाच्या आकाराची खाच, मासा तिच्यात मावला तर लहान, कडा घासून गुळगुळीत, पास बाजूला हिरवा पट्टा, नापास बाजूला लाल. एवढ्यावर थांबलो असतो तर मी क्वालिटीचा माणूस कसला. मी सोबत तक्ताही बनवला. मासा क्रमांक, निर्णय, रिजेक्ट होण्याचं कारण, जबाबदार विभाग, सुधारणेसाठी केलेली कृती. मामांनी नमुन्यादाखल एक तक्ता आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून भरला. कारण: 'लहान'. जबाबदार विभाग: 'समुद्र'. सुधारणेसाठी केलेली कृती: 'वाढू देणे'. खाली सही. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

आणि एका शनिवारी आम्ही दोघं, मामांच्या चारदोन विद्यार्थ्यांना घेऊन, रायगडातल्या त्यांच्या एका गावच्या धक्क्यावर हजर झालो. मी कंपनीचे सेफ्टी शूज घालून. होड्या आल्या, पेट्या उतरल्या, गाव जमा झालं. मी एकेक मासा गेजवर ठेवायला सुरुवात केली. रिजेक्ट, रिजेक्ट, पास, रिजेक्ट. बघता बघता दोन ढीग झाले. मामा आनंदाने टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात गर्दीतून पदर कंबरेला खोचलेली एक साठीची बाई पुढे आली. ही हिराबाई. गावातल्या मासळी विकणाऱ्या बायकांची म्होरकी. तिने लहान माशांच्या ढिगाकडे बोट केलं. "याचं काय करायचं, सर?"

"हे परत समुद्रात सोडायचे," मामा म्हणाले.

"सर, मेल्यात ना ते!"

हिराबाईने ते गेज हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, आणि अगदी मायेने मला परत दिलं. "भाऊ, वस्तू झ्याक हाय. पन मेलेल्या मासल्याला मोजून काय करताव? मोजायचं तर जालं मोजा. जाल्याची भोकं मोठी असली की लेकरू आपोआप निसटून जातं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण कंपनीत माझ्या टेबलाच्या बरोबर वर हीच गोष्ट मोठ्या अक्षरात रंगवून लावलेली आहे, की माल बनल्यावर तपासत बसण्यापेक्षा बनवतानाच काळजी घ्या. मी रोज तिच्याखाली बसून डबा खातो. आणि मामांचं काय सांगावं? जाळ्यांच्या भोकांवर तर त्यांची अख्खी व्याख्यानमाला आहे. पण माझं ते चकचकीत गेज बघितलं आणि गडी तीस वर्षांचं सगळं विसरला. दुसरा कुणी असता तर सारवासारव केली असती. मामांनी तिथेच हिराबाईला हात जोडले आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, "लिहून घ्या. त्या काय म्हणाल्या ते शब्दन् शब्द लिहून घ्या."

पुढचं गेज हिराबाईच्या सांगण्यावरून बनलं. साधी चपटी पाचर. अरुंद टोक जाळ्याच्या भोकात घालायचं, दाबायचं, खुणेच्या रेघेपर्यंत आत गेली तर भोक पुरेसं मोठं. ती कशी धरायची, किती दाबायची, हे सगळं हिराबाईनेच ठरवलं आणि तिनेच बाकीच्या बायांना शिकवलं. जाळी विणणार पुरुष आणि तपासणार बायका, हा बेत बायकांना फार म्हणजे फारच पसंत पडला. पण हिराबाईने मामांना बाजूला घेऊन एक अट घातली. मी तिथेच होतो. ती म्हणाली, "सर, मोठ्या भोकाचं जालं म्हंजे पयल्या वरसाला मासली कमी येनार. व्यापारी लहानमोठं एकाच ढिगात उचलतो, मंग आमी का म्हनून सोसायचं? आमचा मोठा मासा तुमच्या शहरात सरल गिऱ्हाइकाच्या हातात जाऊ द्या, आमी हा हंगाम मोठी जाली टाकतो. पन पयली गाडी भरलेली परत आली ना, तर दुसऱ्या दिवशी जुनी जाली पान्यात."

मी मागून मामांचा सदरा ओढत होतो. मामा म्हणाले, "दिला शब्द."

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "मामा, तुम्ही प्राध्यापक माणूस, तुम्हाला मासळी विकता येते का?" मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जावईबापू, डिसेंबरात मी निवृत्त होतोय. तीस वर्षं मी यांना सोडा सोडा म्हणतोय. यांनी पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं."

मग मामांनी कंबर कसली. मे महिन्याच्या उन्हात त्यांच्या विद्यार्थ्यांनी आमच्या सोसायटीत दारोदार जाऊन विचारलं, मासे खाता का, मोठे घ्याल का, थेट कोळणींकडून घ्याल का. बहुतेक सगळ्यांनी हो म्हटलं. आमचे सेक्रेटरीकाका वासाच्या मुद्द्यावर अडून बसले होते, त्यांना मामांनी सांगितलं, "मी माळकरी माणूस सांगतोय, ताज्या मासळीला वास नसतो." न खाणाऱ्याने दिलेली ही ग्वाही काकांना का पटली कोण जाणे, पण रविवारी सकाळी दोन तास गेटजवळ टेम्पो लावायची परवानगी मिळाली. पावसाळ्यातली मासेमारी बंदी संपली, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या निघाल्या, सगळ्या गावाने मोठ्या भोकांची जाळी टाकली. पहिला माल शहरात आणायचा रविवार मामांनी ठरवला. हिराबाईने फोनवर विचारलंही होतं, "सर, आता चालंल ना?" मामा म्हणाले, "शहर आहे ते हिराबाई, तिथे सगळं चालतं."

रविवारी सकाळी आठला टेम्पो गेटवर उभा. बर्फात ठेवलेली पापलेटं, रुंद, चांदीसारखी, एकेक बघत राहावं असं. हिराबाई नवं लुगडं नेसून, दोन बायांना घेऊन आलेली. मामा इस्त्रीच्या सदऱ्यात. आणि गिऱ्हाईक? एकही नाही. सोसायटीतून माणसं येत होती, पण सोवळ्यात, हातात केळीचे खुंट आणि फुलांच्या पुड्या घेऊन, आणि टेम्पोकडे बघून नाकाला पदर लावत वळून जात होती. हॉलमध्ये लाऊडस्पीकर सुरू झाला. तेवढ्यात सेक्रेटरीकाका कद नेसून, उघड्या अंगाने धावत आले. "अहो मामा, काय चालवलंय काय हे? आत सत्यनारायण मांडलाय आणि बाहेर पापलेट! आधी हलवा ही गाडी!"

मामा गोंधळून म्हणाले, "पण आज काय आहे?"

वरून बाल्कनीतून ही ओरडली, "मामा, श्रावण आहे श्रावण!"

मामांनी मान वर करून विचारलं, "सगळ्यांना?"

आता सांगा, या माणसाला काय म्हणावं! ज्याचा बारा महिने श्रावण, त्याला श्रावण आला काय आणि गेला काय, कळणार कसं? आणि सणांचं कॅलेंडर तर भरती-ओहोटीखाली झाकलेलं. माझी गोष्ट त्याहून वाईट. आमच्या घरी श्रावण ही पाळते, मी फक्त ताटात येईल ते जेवतो. पंधरा दिवस वांगं-बटाटा खातोय आणि टकुऱ्यात प्रकाश पडला नाही.

पण हसू आलं ते नंतर, कितीतरी नंतर. त्या क्षणी मी हिराबाईकडे बघितलं. ती भांडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेटीवरचं झाकण हळूच परत लावलं आणि म्हणाली, "मी इचारलं व्हतं, सर." टेम्पोखाली बर्फाचं पाणी टपटपत होतं. मामा टेम्पोच्या फाळक्यावर बसले. मग ही खाली आली तेव्हा तिला म्हणाले, "सुमे, माझा शब्द गेला गं. उद्या ती जुनी जाळी पाण्यात पडतील." त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. चिडचिडही झाली, त्यांच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त.

आणि मला प्रधान आठवला. प्रधान माझ्या लाईनवरचा जुना ऑपरेटर, चाळिशी ओलांडलेला, ओडिशाच्या किनाऱ्यावरचा. चाकणजवळ खराबवाडीत त्याच्यासारखे शेकड्यांनी राहतात, ओडिशाचे, बंगालचे, केरळचे. मी फोन लावला. "प्रधान, अभी सावन है, तुम लोग मछली खाते हो?" पलीकडून आवाज आला, "सर, मिले तो रोज खाते हैं. क्यों?" मी फोन न ठेवताच ड्रायव्हरला म्हणालो, "भाऊ, गाडी काढा. चाकण."

नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी करत निघालो. मोशीला नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या. मामा मागे पेट्यांपाशी बसले होते, दोन्ही हातांनी झाकणं दाबून धरून, जणू बर्फ झाकणं उघडून पळून जाणार होता. हिराबाई त्यांच्यासमोर बसलेली. खराबवाडीत पोचलो तर खोल्यांच्या रांगेसमोर प्रधानने माणसं गोळा करून ठेवलेली, हातात पातेली, बादल्या, एकाच्या हातात तर प्रेशर कुकर. झाकण निघालं आणि जो काही गलका झाला! चार भाषांत ओरडाआरडा. आणि मामांना एकदम जोर चढला. टेम्पोत उभे राहून, दोन्ही हातांत पापलेट धरून, हा माळकरी माणूस आपल्या हिंदीत गर्जत होता, "देखो, देखो! ये मासा सज्ञान है! इसके लेकरू समुद्र में सुखरूप है! खाने को हरकत नहीं!" कुणाला काय कळलं देव जाणे, पण पेट्या भराभर रिकाम्या व्हायला लागल्या.

प्रधान मात्र एक पापलेट दोन्ही तळव्यांवर घेऊन बराच वेळ नुसता उभा होता. मी म्हणालो, "क्या हुआ? लेना नहीं?" तो म्हणाला, "सर, मेरे बाप की नाव थी. इतना बड़ा तब आता था. अब हमारे गाँव के जाल में आता ही नहीं. आता, तो मैं इधर काहे को आता?" मग त्याने ते पापलेट आणि आणखी एक घेतलं, आणि खोलीत निघून गेला. हिराबाईला हिंदी थोडंफार समजतं. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. शेवटची पेटी रिकामी झाल्यावर तिने बर्फाचं पाणी रस्त्याकडेला ओतलं, हात लुगड्याला पुसले आणि मामांना विचारलं, "सर, म्होरल्या आयतवारी किती पेट्या आनू?"

त्या हंगामात एकही पेटी भरलेली परत गेली नाही. श्रावण सरला तशी आमच्या सोसायटीनेही रांग लावली, आणि रांगेत पहिली पिशवी सेक्रेटरीकाकांची. डिसेंबरात मामा निवृत्त झाले. विद्यापीठाने शाल दिली, नारळ दिला, आणि चार जणांनी मिळून भाषणं केली. मामांनी आपल्या भाषणात विद्यार्थ्यांना सांगितलं, की आपल्याला न विचारता गावाचं काम चालायला लागलं की समजावं, आपलं काम झालं. टाळ्या पडल्या. मामांनीही स्वतःच टाळ्या वाजवल्या.

आणि झालं नेमकं तसंच. गावाने जुनी जाळी पुन्हा काढली नाहीत. हिराबाईकडे आता प्रधानचा नंबर आहे, सेक्रेटरीकाकांचा आहे, टेम्पोवाल्याचा आहे. दर रविवारी गाडी आधी आमच्या गेटवर येते आणि मग चाकणला जाते. कुणाला काही विचारावं लागत नाही. मामा रविवारी सकाळी आमच्याकडे येऊन बसतात. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "गाडी आली होती का हो?" मी म्हणालो, "आली की. चाकणला गेलीसुद्धा." "मला फोन नाही आला कुणाचा." "गरजच पडली नसेल, मामा." "हो. चांगलंच झालं. असंच व्हायला हवं होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. माणूस जरा खचल्यासारखा वाटायला लागला. ही मला आत बोलावून म्हणायची, "तुम्ही काहीतरी विचारा ना त्यांना." मी जाऊन विचारायचो, पण मी काय विचारणार, कपाळ! मला मासळीतलं कळतं काय?

परवाच्या रविवारी मात्र त्यांचा फोन वाजला. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर. "सर, हिराबाई बोलतंय. ती पाचर जाल्यात घालायची ती रुंद अंगानं का अरुंद अंगानं? आमाला काय आठवंना."

मामा ताठ बसले. मग उठले. मग बाल्कनीतून स्वयंपाकघरापर्यंत आणि स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत येरझाऱ्या घालत त्यांनी अर्धा तास सांगितलं. पाचर कशी धरायची, टोक कुठून घालायचं, किती दाबायचं, भोक ओलं असताना का तपासायचं आणि कोरडं असताना का नाही. मध्येच पलीकडून बायकांची खुसखुस ऐकू आली आणि पाठोपाठ हिराबाईचं दबक्या आवाजातलं "गप ऱ्हावा गं!" मामांना ते ऐकू गेलं नाही. हिने आणि मी एकमेकांकडे बघितलं. शेवटी हिराबाई म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, सर. म्होरल्या आयतवारी आनि एक इचारायचं हाय."

मामांनी फोन खिशात ठेवला, खुर्चीत टेकले, आणि काळजीने मान हलवत मला म्हणाले, "बघितलंत ना, जावईबापू? अजून यांना एकट्यांना जमत नाही."

"नाहीच जमत, मामा," मी म्हणालो.